कमी नसेल, अधिक नसेल

मुलं त्यांना बदलीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका वहीच्या मागच्या पानावर ते नाव लिहिलेलं सापडलं, तर त्यांनी 'बदली'ची ऱ्हस्व वेलांटी तेवढी दीर्घ करून वही परत दिली. गणिताच्या सरांच्या जागी तीन महिन्यांसाठी म्हणून त्या शाळेत आल्या होत्या. सर परत आले नाहीत. बाई मात्र राहिल्या.

मी त्या शाळेत भाषा शिकवायला लागले तेव्हा त्यांना नऊ वर्षं झाली होती. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता आणि तो छतापर्यंत पोचतच नव्हता. मी समास शिकवत असले की पलीकडून त्रिकोण यायचे. माझी मुलं समास सोडवता सोडवता पलीकडच्या गणिताचं उत्तर देऊन मोकळी व्हायची. सुरुवातीला मी वैतागायचे, मग मीच कान द्यायला लागले. बाईंचं गणित कधी सूत्रापासून सुरू होत नसे. "एवढ्या कापडात हे बसेल का?" असला काहीतरी प्रश्न त्या टाकायच्या. बसेल म्हणणारे आणि बसणार नाही म्हणणारे एकमेकांशी हुज्जत घालायचे, बाई स्वतःही त्यात उतरायच्या, आणि सूत्र शेवटी, सगळे दमल्यावर, हळूच फळ्यावर यायचं.

पहिल्याच महिन्यात लिपिकाने चुकून आमच्या दोघींच्या पगारचिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. मी नवखी, वय चोवीस, आणि माझा आकडा त्यांच्या दुपटीहून थोडा जास्तच होता. त्यांच्या चिठ्ठीवर पदाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वर्ग-सांभाळणी, तात्पुरती'. मला ओशाळल्यासारखं झालं. चिठ्ठी देताना काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं की हे सांभाळणी म्हणजे काय.

"मी वर्ग सांभाळते," बाई म्हणाल्या. "गणित आपोआप होतं."

बाई मूळच्या कापड बेतणाऱ्या. त्यांच्या नणंदेचं शिवणकामाचं दुकान होतं. नणंद शिवायची आणि बाई बेतायच्या. शाळेच्या गणवेशाचं काम दुकानाकडे आलं, तेव्हा मापं घ्यायला त्या वर्गात आल्या. वर्गावर कुणी नव्हतं, गणिताचे सर आजारी होते आणि गोंधळ जिन्यापर्यंत ऐकू येत होता. माप देता देता एका मुलीने विचारलं, सगळ्यांची मापं निरनिराळी आहेत तर कापड किती आणायचं हे आधीच कसं कळतं? बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर कापडाचा पन्हा काढून त्यात बाह्या, पाठी, कॉलर बसवायला सुरुवात केली. उलटी बाही सुलटीच्या पोटात शिरते आणि वीतभर कापड वाचतं, हे एका मुलाने त्यांच्याआधी ओळखलं. तोवर मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या होत्या. पाव तास त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि नंतर त्यांनी विचारलं, शिकलात कुठवर? विज्ञानाचं एक वर्ष झालं होतं. मग वडिलांच्या फुप्फुसांचं दुखणं आलं आणि कॉलेज सुटलं. तीन महिने येता का, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं.

बाईंचा नवरा लेथवर काम करायचा. तीन महिने ना, जा की, असं तो म्हणाला होता. पुढे दरवर्षी नवा आदेश आला की जेवताना तो विचारायचा, संपले का गं तुझे तीन महिने?

आदेश अकरा महिन्यांचा असायचा. बारावा महिना सोडायचा, म्हणजे नोकरी सलग धरली जात नाही. तो महिना बाई नणंदेच्या दुकानात बेतायला बसायच्या. हे असं किती वर्षं चालणार, याची त्यांना काळजी होती की नाही ते मला कळत नसे. त्यांचं डोकं दुसरीकडेच चाललेलं असायचं. बारावाच महिना का, सहावा का नाही, असं त्यांनी एकदा लिपिकाला विचारलं होतं. लिपिकाने तीन दिवस शोधलं आणि येऊन सांगितलं की कुणालाच माहीत नाही.

त्यांचं शाळेतलं एकविसावं वर्ष चालू असताना शिक्षण सुधारणा विधेयक आलं. खेळाच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली. वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने तीन वर्षांत प्रमाणपत्र मिळवायचं, नाहीतर शिकवणं सोडायचं, असा तिचा मथितार्थ होता. चित्रकलेचे सर चहाचा कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. तेही बाईंसारखेच होते, कागदावर सांभाळणी. पाटीवर अक्षरं रंगवायचा त्यांचा धंदा होता आणि सात वर्षांपूर्वी त्यांना शाळेने बोलावून घेतलं होतं.

दोनच दिवसांत शिक्षक संघटनेचे सेक्रेटरी सह्या गोळा करायला आले. सगळं विधेयक मागे घ्या, अशी मागणी होती. मी सही केली, खेळाच्या सरांनी केली, चित्रकलेच्या सरांनी तर दोनदा केली. बाईंपुढे कागद गेला तेव्हा त्या म्हणाल्या की मी विधेयक अजून वाचलेलं नाही. सेक्रेटरींना वाटलं, थट्टा चालली आहे. ते कुणीच वाचलेलं नाही, असं ते तोडून बोलले. मग तर वाचायलाच पाहिजे, असं म्हणून बाईंनी कागद परत केला.

सार्वजनिक वाचनालयात त्यांना प्रत मिळाली, चौसष्ट पानांची. आठवडाभर त्या ती घेऊन फिरत होत्या. एका मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गात आल्या आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या,

"तुम्ही भाषेच्या ना? मग हे वाक्य मला फोडून द्या."

वाक्य असं होतं: 'अपात्र शिक्षक म्हणजे अशी व्यक्ती, जी शिक्षकाचे काम करते, परंतु या कायद्याच्या अर्थाने शिक्षक नाही.'

मी कर्ता काढला, क्रियापद काढलं, दोन्ही उपवाक्यं वेगळी करून दाखवली आणि व्याकरणात सगळं बसतंय असं सांगितलं. बाईंनी मान डोलावली. मग पुढचं पान उलटलं. तिथे त्यांनी पेन्सिलीने दोन वाक्यांशेजारी खुणा केल्या होत्या. नवव्या कलमात होतं, 'शिक्षकाचे वेतन ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा कमी नसेल.' आणि चौदाव्या कलमात होतं, 'अपात्र शिक्षकाचे वेतन ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा अधिक नसेल.'

मी दोन्ही वाक्यं वाचली. मला काही दिसलं नाही. एकाला जास्त, एकाला कमी, असं काहीतरी असणार हे तर आधीच ठाऊक होतं.

बाईंनी समासात गणितातली चिन्हं काढली, दोन वाक्यांसाठी दोन, एकमेकांकडे पाठ केलेली. "हे बघा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खाली पडू द्यायचं नाही. मला वर जाऊ द्यायचं नाही. अधिक नसेल म्हणजे कितीही कमी चालेल. शून्यसुद्धा बसतं यात."

"मग हे अन्यायाचं आहे," मी म्हटलं.

"ते नंतर बघू. चूक आहे की मुद्दाम केलंय, ते आधी कळू दे."

मला आजही आठवतं, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चाळीस मुलांमधलं एखादं निराळ्याच रस्त्याने चालत बरोबर उत्तराला पोचलं की त्या जशा वहीत डोकं घालून बघायच्या, तशा त्या त्या पानाकडे बघत होत्या.

एका शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर आम्ही दोघी शिक्षण कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने थकबाकीसाठी आलात का असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्याचा रसच गेला. दुसऱ्या खिडकीवरून तिसऱ्या मजल्यावर, तिथून परत पहिल्यावर. शेवटी अभिलेखांच्या खोलीत एक वयस्क अधिकारी भेटले. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पुढ्यात अर्धवट खाल्लेली काकडी. त्यांनी बाईंचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, मग चष्मा चढवून ती दोन्ही कलमं स्वतः वाचली, आणि काकडी बाजूला सारून उठले. अर्ध्या तासाने ते एक जुनी, पाठीला चिकटपट्टी लावलेली नियमावली घेऊन आले. ती होती हंगामी मजुरांची. कालवे खणणारे, झाडं तोडणारे, अशा लोकांसाठी पन्नास वर्षांपूर्वी केलेली. तिच्यात तेच वाक्य होतं. 'मजुराचे' खोडून 'अपात्र शिक्षकाचे' केलं की शब्दाला शब्द जुळत होता.

उचललेलं दिसतंय, असं अधिकारी म्हणाले. नवा कायदा लिहिताना जुन्यातून घेतातच. पण मुद्दाम घेतलं की हाताशी होतं म्हणून घेतलं, हे त्यांना सांगता येईना. एवढं मात्र त्यांनी सांगितलं की विधेयकावर विधिमंडळाची समिती बसली आहे आणि महिनाअखेरपर्यंत कुणीही लेखी सूचना पाठवू शकतं. आजवर त्यांच्या खोलीत कायद्याचं वाक्य कुठून आलं हे विचारायला कुणी आलं नव्हतं, हेही ते म्हणाले, आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले.

पत्र आम्ही माझ्या घरी बसून लिहिलं. मी दोन पानं लिहिली. त्यात त्याग होता, ज्ञानदान होतं, एकवीस वर्षांची तपश्चर्या होती. बाईंनी पेन्सिल घेतली आणि माझी विशेषणं एकेक करून काढून टाकली. मग नामंही निघाली. राहिल्या चार ओळी. कलम नऊमध्ये 'कमी नसेल' आहे आणि कलम चौदामध्ये 'अधिक नसेल' आहे. दुसरं वाक्य मजुरांच्या नियमावलीतलं आहे. शिकवणाऱ्या माणसाला ते लावण्यामागे काय विचार आहे, हे समजावून घ्यायची इच्छा आहे. खाली सही, आणि पद म्हणून 'वर्ग-सांभाळणी, तात्पुरती'.

पाच आठवड्यांनी समितीचं बोलावणं आलं. सात मिनिटं दिली होती.

बाईंच्या घरात एकच धांदल उडाली. नणंदेने दोन दिवसांत नवा पोशाख शिवला. बेतला अर्थातच बाईंनी. मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेत होती, तिने आईला खुर्चीवर बसवून सात मिनिटांचं घड्याळ लावलं आणि बोल म्हणाली. बाई दोन मिनिटांत थांबल्या. नवरा म्हणाला, उरलेली पाच मला दे, मी बोलतो. सगळे हसले, बाईही हसल्या, पण नंतर त्या मला म्हणाल्या की मला भाषण येत नाही, मला फक्त विचारता येतं.

पहाटेची बस धरून आम्ही दोघी गेलो. खोली अपेक्षेपेक्षा लहान होती. लांब टेबल, टेबलाभोवती समितीचे अकरा सदस्य, पाण्याचे जग, आणि कोपऱ्यात विधेयकाचा मसुदा लिहिणारे गृहस्थ फायलींचा ढीग घेऊन बसलेले. अध्यक्षबाई पूर्वीच्या वकील, आवाज बारीक पण सगळ्यांना ऐकू जाणारा. त्यांनी बाईंचं पत्र मोठ्याने वाचलं. पद वाचताना त्या जरा अडखळल्या आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग मसुदाकारांकडे वळून म्हणाल्या, उत्तर द्या.

मसुदाकार उठले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की वाक्य जुन्या नियमावलीतलं आहे, पण हेतू आहे. बिगर-प्रशिक्षित माणसाला चांगला पगार मिळू लागला तर तो प्रशिक्षण कशाला घेईल, आणि शाळाही प्रशिक्षित माणूस कशाला शोधतील? म्हणून वरची मर्यादा. बाई कान देऊन ऐकत होत्या. उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं. म्हणजे तसं कारण होतं तर, असं त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, आणि मला वाटलं, झालं, आता आभार मानून या उठणार.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सदस्याने विचारलं. ते पेशाने डॉक्टर होते. "शिकलेला नाही अशा माणसाकडून तुम्ही स्वतःचं ऑपरेशन करून घ्याल का? मग मुलांना का म्हणून?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. मी मागच्या खुर्चीवर पुढे सरकले.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या तिसऱ्या वर्षी एक मुलगी होती, तिसऱ्या बाकावर. तोंडी सगळं यायचं. लिहायला लागली की सहाचे नऊ, बाराचे एकवीस. मला वाटायचं, निष्काळजी आहे. मी तिला उभी करायचे. वर्षभर केलं. ती शाळा सोडून गेली, आणि मग कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीच्या पुस्तकात मी वाचलं, की काही मुलांना आकडे तसेच दिसतात. प्रशिक्षण घेतलेल्या बाईला ते आठ दिवसांत कळलं असतं."

डॉक्टर लिहून घेत होते.

"म्हणून मी प्रशिक्षणासाठी अर्ज केला," बाई पुढे म्हणाल्या. "पाच वेळा केला. पाचही वेळा उत्तर एकच. हा वर्ग सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. मी सेवेतली शिक्षक नाही, कारण माझं प्रशिक्षण झालेलं नाही. साहेब म्हणतात, पगार वाढला तर मी प्रशिक्षण घेणार नाही. माझा पगार वाढलेला नाही, तरी मला घेता आलेलं नाही. मग अडवतंय कोण, ते मला शोधायचं आहे."

अध्यक्षबाईंनी पाचही उत्तरांच्या प्रती आहेत का असं विचारलं. बाईंनी पिशवीतून काढून दिल्या. घंटा वाजली होती, पण ती कुणी मनावर घेतली नाही.

परत येताना मी बसमध्ये हवेत होते. बाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. 'वर्षभर चुकीची शिक्षा केली: अपात्र शिक्षिकेची कबुली.' पाच अर्जांचा त्यात शब्द नव्हता. संघटनेचे सेक्रेटरी शाळेत आले आणि शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, त्यांनी बाईंना सांगितलं की आपल्याच लोकांच्या पायावर तुम्ही धोंडा टाकलात. चित्रकलेचे सर त्या दिवसापासून आपला डबा रंगांच्या खोलीत बसून खायला लागले, आणि बाईंना ते सेक्रेटरींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पालकांपैकी दोघांनी आपल्या मुलांची तुकडी बदलून मागितली.

त्याच आठवड्यात एक बाई शाळेत आली. तिशीची, औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर घालतात तसा पांढरा कोट अंगात. तिने फाटकावर बदलीबाई कुठे बसतात असं विचारलं आणि मीच तिला वर्गापर्यंत घेऊन गेले. तिसऱ्या बाकावरची ती हीच. बातमी वाचून आली होती.

बाईंनी तिला ओळखलं. कसं आहे, काय करतेस, असं काही न विचारता त्यांनी एकदम विचारलं की तुला त्यातलं काय काय आठवतं.

"उभं राहिलेलं आठवतं," ती म्हणाली. "फळ्याच्या उजवीकडे खिडकी होती, त्यातून पाण्याची टाकी दिसायची. तिच्यावरचे रंगाचे पोपडे मला पाठ झाले होते. तुम्ही कधी माफी मागितल्याचं नाही आठवत."

"मागितलीच नव्हती," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती तिथे, रिकाम्या वर्गात, उभ्या राहून मागितली.

ती मुलगी रडली वगैरे नाही. तिने मान हलवली. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. औषधाच्या मात्रा ती कशी वाचते, आकडे उलटू नयेत म्हणून काय करते, हे बाई तिला खोदखोदून विचारत होत्या. ती म्हणाली, प्रत्येक आकडा मी बोटाने हवेत लिहून बघते. बाईंनी ते लिहून घेतलं.

कायदा पुढच्या वर्षी मंजूर झाला. चौदावं कलम बदललं होतं. 'अपात्र शिक्षक' जाऊन 'प्रशिक्षणाधीन शिक्षक' आलं होतं. वेतन नव्या शिक्षकाच्या सात-दशांशापेक्षा कमी नसेल, असं लिहिलं होतं. शिकवायला लागून दहा वर्षं झालेल्यांना प्रशिक्षणाचा वर्ग खुला झाला होता, पगार चालू ठेवून, शनिवारी आणि सुट्ट्यांमध्ये, दोन वर्षांचा. हे बाईंमुळे झालं असं मी म्हणणार नाही. समितीकडे चारशे सूचना गेल्या होत्या आणि कुठल्या सूचनेने कुठला शब्द हलला, याची नोंद कुणी ठेवत नाही. बाईंनी मात्र ती नोंद कुठे मिळेल हेसुद्धा एकदा विचारून पाहिलं.

दहा हा आकडा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नव्हता. चित्रकलेच्या सरांची आठच वर्षं झाली होती. त्यांना वर्ग खुला नव्हता आणि तीन वर्षांची मुदत सगळ्यांनाच लागू होती. बाईंनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, दहाच का, आठ का नाही. आलेलं उत्तर दोन ओळींचं होतं, कुठेतरी रेघ ओढावी लागते. सर मुदतीपर्यंत थांबलेच नाहीत. वर्षअखेरीला रंगांच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवून ते पाट्या रंगवायला परत गेले. जाताना बाईंशी मात्र नीट बोलले. तुम्ही खरं बोललात, मला फक्त ते परवडणारं नव्हतं, असं म्हणाले. बाई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. वर्गात तिशी-पस्तिशीची मंडळी, त्यांच्यात त्या एकट्याच चष्मा लावून पहिल्या बाकावर. सोमवारी येऊन त्या मला शनिवारचं सगळं सांगायच्या. काही गोष्टी त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि त्यांना नावं आहेत हे कळल्यावर त्यांना गंमत वाटायची. काही गोष्टी त्या वर्षानुवर्षं चुकीच्या करत होत्या, त्या सांगताना तर त्या जास्तच खुशीत असायच्या.

एका सोमवारी पलीकडून बाईंचा प्रश्न ऐकू आला आणि मग काहीच ऐकू येईना. एरवी प्रश्न विचारून पापणी लवते न लवते तोच बाई स्वतःच सुचवायला लागायच्या. मी वाट पाहिली. माझ्या वर्गातली मुलंही लिहायची थांबून वर बघायला लागली. बाईंना चक्कर वगैरे आली की काय असं वाटून मी धावत गेले. बाई फळ्याजवळ हाताची घडी घालून धडधाकट उभ्या होत्या, आणि चाळीस मुलं विचारात पडलेली होती. मग मागच्या बाकावरून, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीने उत्तर दिलं. चुकीचं होतं, पण दिलं.

मधल्या सुट्टीत बाईंनी सांगितलं की प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं म्हणे. मनात पाच आकडे मोजायचे. "बावीस वर्षं मी अर्धासुद्धा मोजला नाही. किती जणांची उत्तरं मी खाल्ली असतील?"

शेवटच्या परीक्षेत एक पाठ परीक्षकांसमोर घ्यायचा असतो. बाई त्यात नापास झाल्या. आखलेला पाठ पुरा करायचा होता, आणि मध्येच एका मुलाने विचारलं की वर्तुळाचे तुकडे करून त्यांचा चौकोन होतो का. बाई त्याच्याबरोबर गेल्या आणि वेळ संपली. परीक्षकांनी शेरा लिहिला, विषयाचं ज्ञान उत्तम, नियोजनाचा अभाव. घरी नवऱ्याने विचारलं की सगळ्यांना गणितात पास करणारी तू, नापास कशी झालीस. त्या म्हणाल्या, रीतसर. सहा महिन्यांनी त्यांनी तोच पाठ पुन्हा घेतला. या वेळी प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी तास संपल्यावर थांबायला सांगितलं, आणि त्या पास झाल्या. पहिला पाठच जास्त चांगला होता, असं त्यांचं अजूनही मत आहे. माझंही.

नव्या आदेशावर 'शिक्षक' असा शब्द होता आणि शेवटची तारीख नव्हती. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पाठीमागे काही आहे का तेही उलटून पाहिलं. पगार वाढला, मुलीचं शिक्षण पुरं झालं, लेथच्या आवाजाने नवऱ्याचे कान गेले होते त्याला श्रवणयंत्र घेतलं. मुलं मात्र त्यांना बदलीबाईच म्हणत राहिली, कारण नव्या मुलांना जुनी मुलं नावं शिकवतात, त्याला आदेश लागत नाही.

आणखी आठ वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या. निवृत्तिवेतन बसवताना त्यांची आठच वर्षं धरली गेली. आधीची 'सांभाळणी' होती, म्हणून हिशेबात नाही. गेल्या आठवड्यात त्या मला भाजीच्या दुकानात भेटल्या. मी म्हटलं, आता तरी चिडा. त्या म्हणाल्या, चिडायचंच आहे, पण निवृत्तीच्या नियमात 'सेवा' या शब्दाची व्याख्याच मला सापडत नाहीये, ती नक्की कुठेतरी असणार. ज्याला माहीत आहे तो माणूस म्हणे फक्त गुरुवारी बसतो, पाच वाजेपर्यंत.

येता का, असं त्यांनी विचारलं. गुरुवारी माझे तास तीनपर्यंत असतात, असं मी सांगितलं.

"मग साडेतीनला निघू," बाई म्हणाल्या, आणि टोमॅटो निवडायला लागल्या.